कापलेल्या कडा

हे मी लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. सर हिंदीत प्रवासवर्णनं लिहायचे आणि बौद्ध ग्रंथांचे जाणकार होते. त्यांच्यावर लिहायला त्या क्षेत्रातली मोठी माणसं असतील. मी त्यांच्या बारा पुस्तकांपैकी चारच वाचली आहेत, तीही शेजारी शब्दकोश उघडून. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, त्यामुळे लिहिताना कुठे काय चुकतं ते सांगणारं घरी कोणी नाही. शिवाय माझ्या हातून सरांचं एक नुकसान झालेलं आहे. ज्याच्या हातून नुकसान झालं त्यानेच पुढे होऊन आठवणी सांगाव्यात, हे मला बरं वाटत नव्हतं. पण गेल्या महिन्यात एक फोन आला आणि त्यानंतर गप्प राहणं जास्त वाईट वाटायला लागलं. म्हणून लिहिते. चुकेल तिथे सांभाळून घ्या.

नायगावला आमच्या बीडीडी चाळीच्या मागे विहार आहे. तिथे दर रविवारी सकाळी सर पाली शिकवायचे. मी पाली घेतली होती ती मार्क चांगले मिळतात म्हणून. सर मूळचे बनारसच्या बाजूचे. मुंबईत कधी आले, का आले, ते कोणालाच नीट माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "चलते-चलते समुद्र आ गया, तो रुकना पड़ा." तरुणपणी दहा-बारा वर्षं ते भिक्खू होते, पुढे चीवर उतरवलं. चाळीतल्या बायका तरीही त्यांना भंतेजी म्हणायच्या आणि ते दर वेळी थांबून सांगायचे, "भंते नहीं हूँ, माताजी. इस्तीफ़ा दे चुका." दुपारी बारानंतर जेवायचं नाही, एवढा एक नियम मात्र त्यांनी इस्तीफ्यातून वगळला होता.

मराठी त्यांना सगळी कळायची, पण बोलायचे हिंदीच. माझी हिंदी ऐकून म्हणायचे की ही टॅक्सीत शिकलेली आहे. ते कोणालाच नावाने हाक मारत नसत. माणूस जिथून चालत येतो ते त्याचं नाव. मी नायगाव. माझी मैत्रीण लालबाग. पुठ्ठ्याचे नकाशे करून देणारे एक गृहस्थ हिंदमाता. बसमध्ये सर बसायचे नाहीत. अंतर ते चहावर मोजायचे: नायगाव ते शिवाजी पार्क एक चहा, गिरगाव तीन चहा. तीन चहांनंतर जे येतं ते परदेश.

पहिल्याच रविवारी त्यांनी आम्हाला घरापासून विहारापर्यंत कसे आलात ते लिहायला सांगितलं. मी पानभर लिहिलं. त्यात रम्य सकाळ होती आणि पाखरांचा किलबिलाट होता. सरांनी पान वाचलं आणि विचारलं, "नायगाव, तुम्हारे घर से नीचे उतरने की कितनी सीढ़ियाँ हैं?"

मला सांगता आलं नाही.

"कितने साल से उतर रही हो?"

"अठरा."

"अठारह साल में सीढ़ी नहीं दिखी, और आज सुबह पाखरू दिख गया?"

वर्ग हसला. मीही हसले, पण कान तापले होते. घरी जाताना मोजल्या. अडतीस, आणि तळापासून सहावी फुटकी. पुढच्या रविवारी न विचारता सांगितलं. ते म्हणाले, "अब लिखो."

सर आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचे. एक कुटुंब गावाला कायमचं गेलं, त्यांनी सरांना खोली वापरायला दिली होती. खोलीत एकच फळी, आणि तिच्यावर बूट. जाड तळाचे, जुने, आत कागद कोंबलेले, दर आठवड्याला तेल लावलेले. पुस्तकं मात्र जमिनीवर. तीही पुस्तकं म्हणावीत अशी नव्हती. सगळी फाडलेली. प्रवासाला निघताना पाठीवर ओझं नको म्हणून सर पुस्तकाचा लागेल तेवढाच भाग फाडून घ्यायचे. सोबती असला तर पुस्तकाचे दोन तुकडे, एक त्याने उचलायचा, एक यांनी, आणि आपल्या तुकड्याच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचं की बाकी कोणाकडे आहे. परत आल्यावर तुकडे जोडायचे नाहीत. एका प्रवासात जे जे सोबत होतं ते एका फडक्यात बांधायचं. अशा अकरा गठऱ्या होत्या. एकीत व्याकरणाची चाळीस पानं, कुठल्या सूत्राचा मधलाच भाग, औषधांची यादी, असं सगळं एकत्र.

माझ्या बाबांनी एकदा दारातून हे पाहिलं. आमच्याकडे पुस्तकं भिंतीवरच्या फोटोंखाली ठेवतात, पाय लागला तर पुस्तक कपाळाला लावतात. बाबा जिना चढताना म्हणाले, "एवढा शिकलेला माणूस, आणि पुस्तकं जमिनीवर, चपला डोक्यावर? आपण कशाला शिकवतोय मग तुला?" मी धीर करून सरांना हे सांगितलं. सर म्हणाले, "बाबा से कहना, किताब फट जाए तो दूसरी मिलती है. जूता फट जाए तो आदमी वहीं रह जाता है."

मला वाटलं, हा सरांचा विनोद.

दर वर्षी वैशाखात त्यांना एक पोस्टकार्ड यायचं. पोस्टमन ते माझ्याकडेच द्यायचा, म्हणून मी ते वाचलं, हेही कबूल करते. हिंदीत, एकच ओळ: भाई कहाँ रहा, जगह बता दीजिए. पुढच्या वर्षीही तीच ओळ, अक्षर मात्र वेगळं. सर कार्ड घ्यायचे आणि फळीवर डाव्या बुटाखाली ठेवायचे. तिथे गठ्ठा झाला होता.

मी तिसऱ्या वर्षाला गेले तेव्हा सर विसरायला लागले. आधी छत्री, मग वार. पालीतलं काही विसरत नसत. पण एकदा शिवाजी पार्कहून निघाले ते परळला जाऊन उभे राहिले आणि पानवाल्याला विचारत होते की पुढचा मुक्काम किती दूर. त्यानंतरच्या रविवारी वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं, फळीवरून पोस्टकार्डांचा गठ्ठा काढला आणि समोर ठेवला. मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते.

चाळीसेक वर्षांपूर्वी सर हिमाचलातल्या स्पितीच्या वरच्या अंगाला एका गोम्पातून, म्हणजे बौद्ध मठातून, पोथ्या घेऊन उतरत होते. सोबत त्या खोऱ्यातलाच एक तरुण. सर त्याला छोटे म्हणायचे. ज्याला गावाच्या नावाने हाक मारली नाही असा तो एकच. वाटेत छोटेचा बूट फाटला, पाय गारठून काळा पडला, त्याला चालवेना. मेंढपाळांचं एक दगडी खोपट होतं. तिथे त्याला बसवून सर पोथ्या घेऊन खाली निघाले, मदत आणतो म्हणून. खाली गाव होतं ते छोटेचंच. सर पोचले आणि तापाने पडले. दोन दिवसांनी बोलता आलं, तेव्हा बाहेर कमरेएवढं बर्फ होतं. समोर छोटेची बहीण बसली होती. तिने विचारलं, भाऊ कुठे आहे. सर म्हणाले, खिंडीच्या पलीकडे गेला. खोपट खरं तर गावापासून अर्ध्या दिवसाच्या आत होतं. पण जागा सांगितली असती तर अंतरही सांगावं लागलं असतं, आणि मग पुढचा प्रश्न आला असता. उन्हाळ्यात गावाने खिंडीपलीकडे शोधलं. तिथे काय सापडणार होतं. त्या पोथ्यांवर सरांचं नाव झालं. आज त्या कुठल्याशा ग्रंथालयात काचेच्या कपाटात आहेत.

"पोथियाँ पच्चीस सेर थीं," सर म्हणाले. "छोटे भी कोई भारी नहीं था."

बहिणीला त्या जागी एक दिवा लावायचा होता, एवढंच. जागा कळल्याशिवाय दिवा लावता येत नाही. आणि सर म्हणाले की आता घाई आहे, कारण इतकी वर्षं खिंडीपलीकडे, खिंडीपलीकडे म्हणत राहिल्याने हल्ली त्यांना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं. गावाच्या वर बरेच नाले आहेत, प्रत्येकात दोन-चार खोपटं. नेमकं कोणतं, ते डोक्यातून गेलं होतं. पण लिहिलेलं आहे, म्हणाले. सगळं लिहिलेलं आहे. पुढच्या महिन्यात बसू, मी सांगेन, तू लिही, आणि सगळं खरं लिहून तिला पाठवू.

मी त्यांना कुठे लिहिलंय ते विचारलं नाही. वहीत असेल, असं मी धरून चालले.

पुढचा महिना आला नाही. हिंदमाताच्या चौकात सिग्नल लागलेला असताना एक स्कूटर आली आणि सरांना घेऊन पडली. खुब्याचं हाड मोडलं. परळच्या सरकारी रुग्णालयात ते तीन महिने होते. नेमकी त्याच काळात आमची चाळ रिकामी करायची नोटीस लागली. बांधणार आहेत तिथे आता टॉवर. आम्ही संक्रमण शिबिरात गेलो. सरांना विहाराच्या मागची एक खोली मिळाली, आणि त्यांचं सामान हलवायचं काम मी आणि लालबाग, आम्ही दोघींनी अंगावर घेतलं.

आधी आम्ही ती वही शोधली. सगळी खोली उलटीपालटी केली, वही नव्हती. मग गठऱ्या सोडल्या. आत ती फाटकी पानं, आणि पानांच्या कडांना पेन्सिलीने मुंग्यांसारखी बारीक अक्षरं, तिबेटी लिपीत. आम्हाला ती वाचता येत नव्हती. आम्ही समजलो, अभ्यासाच्या टिपा. लालबागच्या डोळ्यांत पाणी आलं. "गो, किती हाल केल्यान पुस्तकांचे," ती म्हणाली. तेव्हाच आमच्या मनात आलं की सर घरी येतील तेव्हा त्यांना त्यांची पुस्तकं अखंड दिसली पाहिजेत. आजारी माणसाला दुसरं काय देणार होतो आम्ही.

दहा दिवस आम्ही पानं जुळवत बसलो. अकरा गठऱ्यांमधून एकेका पुस्तकाचे तुकडे शोधून ओळीने लावले. जमलंही बरंचसं. एका सूत्रग्रंथाचा मात्र पुढचा अर्धा भागच होता. त्याच्या पहिल्या पानावर शीर्षकाखाली देवनागरीत लिहिलं होतं: बाकी छोटे के पास. मी ते वाचलं. सरांनी मला छोटेची गोष्ट सांगितलेली होती, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आमच्या वर्गात लालबागचा धाकटा भाऊ यायचा, त्याला सगळे छोटू म्हणायचे. मला वाटलं, पुस्तक त्याने नेलं आणि परत केलं नाही. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो बिचारा शपथा घेत राहिला. शेवटी कॉलेजच्या ग्रंथालयातून तो ग्रंथ काढून मी उरलेल्या अर्ध्या भागाची झेरॉक्स केली.

फणसवाडीत एक जुने बाइंडर आहेत. त्यांच्याकडे सगळं घेऊन गेलो. त्यांनी पानं हातात घेऊन खालीवर केली, अंगठ्याने कड घासली आणि विचारलं, "ताई, तिन्ही बाजूंनी कटिंग मारू ना? कडा फार मळल्यात. बोटभर गेलं की नवं दिसेल बघा."

मी हो म्हणाले.

सर काठी घेऊन नव्या खोलीत आले त्या दिवशी आम्ही फळी पुसून तिच्यावर पुस्तकं लावली होती. मरून कापड, वर सोनेरी अक्षरं. बाबाही आले होते. ते म्हणाले, "आता कशी शोभतात." बूट आम्ही खाली, दाराशी ठेवले होते. सरांनी आधी वाकून बूट उचलले, खुबा दुखत असताना, आणि छातीशी धरून उभे राहिले. मग विचारलं, "गठरियाँ?"

आम्ही फळीकडे बोट दाखवलं.

त्यांनी एक पुस्तक काढलं आणि कडेवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. दुसरं काढलं. मग तो सूत्रग्रंथ. उघडला, खिडकीशी नेला. पानांच्या कडेला कुठे कुठे अक्षरांचे पाय उरले होते, डोकी गेलेली. त्यांनी पानं उलटत नेली, आणि झेरॉक्सचा पांढरा कागद सुरू झाला तिथे त्यांचा हात थांबला. त्या पानांवर ते बराच वेळ तळवा ठेवून होते.

"काटने को किसने कहा?"

मी सांगितलं, मी.

"कतरन कहाँ है?"

तेव्हा मला कळलं. वाटेतला प्रत्येक मुक्काम, कुठल्या हाताला पाणी, किती तास, कितवं खोपट, हे सगळं ते चालता चालता हातातल्या पानाच्या कडेला लिहीत होते. ती वही आम्ही दहा दिवस हातात धरून होतो.

आम्ही दोघी फणसवाडीला धावलो. बाइंडर आमच्याकडे बघतच राहिले. "अहो ताई, कातरण रोजच्या रोज पोत्यात जातं. पोतं भरलं की रद्दीवाला नेतो. तुमचं जाऊन महिना झाला." मग आमचे चेहरे बघून त्यांनी दुकानातली तीन पोती ओतून दिली. आम्ही फरशीवर बसून पट्ट्या उचलून बघत होतो. लग्नपत्रिका, वह्या, कोणाच्या तरी हिशोबाच्या रेघा. पेन्सिलीची एकही पट्टी नव्हती.

परत येऊन सांगितलं तेव्हा सर म्हणाले, "अच्छा." एवढंच. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. लालबाग रडायला लागली तर तिलाच पाणी दिलं. बाबा मान खाली घालून बसले होते. निघताना ते सरांना म्हणाले, "पोरीचं चुकलं. माझंही चुकलं." सर म्हणाले, "किताब से प्यार करना चूक नहीं है, भाईसाहब. मैंने भी किया था." ते दुसरं वाक्य ते कशाबद्दल बोलले, हे खोलीत मला एकटीलाच कळलं.

त्यानंतर पोस्टकार्डांचा गठ्ठा बुटाखालून निघून त्यांच्या उशाशी आला. रविवारचे वर्ग सुरू राहिले, पण मध्येच थांबून ते विचारायचे, "दायें हाथ पर पानी था कि बायें?" मुलांना वाटायचं, प्रश्न आहे. कोणीतरी डावा म्हणायचं, कोणी उजवा. मी खाली बघत बसायचे.

मार्चच्या शेवटी परीक्षेच्या आधी मी त्यांना भेटायला गेले. सर बुटांना तेल लावत होते. मला बसवून त्यांनी तो मरून सूत्रग्रंथ काढला, गुडघ्यावर उघडा धरला आणि दोन्ही हातांनी बरोबर मध्यावर फाडला. कापडाची पाठ जोर लावून सोडवली. नवी शिवण उसवतानाचा तो आवाज माझ्या अंगावर आला. पुढचा जुना भाग त्यांनी स्वतःकडे ठेवला. झेरॉक्सचा भाग माझ्या हातात दिला.

"इतना तुम उठाओ."

मला वाटलं, त्यांनी मला माफ केलं. त्या आनंदात मी घरी आले. सोबती असला की पुस्तकाचे दोन तुकडे करायचे, ही त्यांची रीत मला पाठ होती, तरी ते निघालेत हे माझ्या लक्षात आलं नाही.

दोन रविवारांनंतर खोलीला कुलूप दिसलं. किल्ली विहाराच्या दारावर टांगलेली. फळीवर सगळी मरून पुस्तकं होती, बूट नव्हते. पोस्टकार्डंही नव्हती. विहाराच्या लोकांनी पोलिसांत कळवलं, फोटो ग्रुपवर फिरवले. दादर, परळ, गिरगाव, जिथे जिथे ते चहा घ्यायचे तिथे आम्ही विचारून आलो. मला कुठे जायला हवं होतं ते माहीत होतं. पण छोटेच्या गावाचं नाव सरांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. पोस्टकार्डांवर शिक्का नेहमी पुसट असायचा.

गेल्या महिन्यात दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. वाऱ्याचा आवाज, आणि एक तरुण माणूस.

"आप नायगाव बोल रही हैं?"

त्याला ते माझं नाव वाटत होतं. मी होय म्हणाले.

तो त्या बहिणीचा नातू. रस्ता उघडल्यावर पहिल्या गाडीने एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत त्यांच्या अंगणात आले, त्याने सांगितलं. आजीला कमी ऐकू येतं. सरांना तीच गोष्ट तीनदा सांगावी लागली, तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने की शेजारचे लोक गच्चीवर आले: मैं उसे छोड़कर आया था, पास में ही. आजीने उठून चहा केला. मग जागा विचारली. ते म्हणाले, याद नहीं. त्यानंतर रोज सकाळी ते नातवाबरोबर वर जायचे, एकेक नाला, एकेक खोपट, आत जाऊन भिंतीला हात लावून यायचे. चौथ्या दिवशी एका खोपटात बसले. हेच आहे, असं म्हणाले नाहीत. नाही, असंही म्हणाले नाहीत. नातू पाणी आणायला गेला. परत आला तेव्हा ते भिंतीला टेकून होते, बूट काढून शेजारी नीट ठेवलेले.

"वहाँ से हमारी छत दिखती है," तो म्हणाला. "दादी कहती हैं, जगह यही मान लेंगे. दीया वहीं रखा है. दोनों का."

मला हिंदीच आठवेना.

तो म्हणाला की झोळीत एक पुस्तक मिळालं, अर्धंच आहे. पहिल्या पानावरची एक ओळ पुसून नवी लिहिली आहे, बाकी नायगाव के पास, आणि खाली हा नंबर. म्हणून त्याने फोन केला. आजी विचारते आहे, खरंच आहे ना तुमच्याकडे?

मी हो म्हणाले.